रिक्वायरमेंटच्या वाक्याला शिस्त कशी आली

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने भरलेल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी परिषदेत, मोठे प्रकल्प का रखडतात याची उघड चर्चा झाली. चुकांचे मूळ पुष्कळदा कोड लिहिण्याआधीच, सॉफ्टवेअरकडून काय हवे ते सांगणाऱ्या मजकुरात, म्हणजे ‘रिक्वायरमेंट’मध्ये असते, हे पुढच्या दशकात पटत गेले. १९७८ मध्ये अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड पार्नास, कॅथरिन हेनिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ए-७ विमानाच्या सॉफ्टवेअरच्या गरजा मांडताना लांबलचक वर्णनाऐवजी तक्ते वापरले. माझ्या मते या विषयातले ते पहिले ठोस पाऊल होते.

त्यानंतर १९८४ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे ८३० हे मानक आले. प्रत्येक रिक्वायरमेंटचा एकच अर्थ निघावा आणि ती तपासता यावी, असा आग्रह त्यात होता. परंतु त्याचा भर दस्तऐवजाच्या मांडणीवर अधिक असल्याने, प्रकरणे ठरल्याप्रमाणे भरूनही आतली वाक्ये मोघम राहू शकत.

पुण्यात १९८१ मध्ये टीआरडीडीसी हे टाटांचे संशोधन केंद्र आणि १९८८ मध्ये सी-डॅक हे सरकारी संगणन केंद्र सुरू झाले, आणि पुढे हिंजवडीत परदेशी ग्राहकांची कामे मोठ्या प्रमाणावर येऊ लागली, तेव्हा हा प्रश्न इथे रोजच्या कामाचा झाला. अमेरिकेशी वेळेचा फरक किमान साडेनऊ तासांचा. त्यामुळे सकाळी शंका आली, तर डेव्हलपरने उत्तराची वाट पाहायची किंवा आपल्याला लागलेला अर्थ धरून पुढे जायचे.

‘चुकीचा पासवर्ड दिल्यास खाते बंद केले जाईल’ हे वाक्य पाहा. किती वेळा चुकल्यावर, किती काळ आणि कोणाकडून, यांपैकी काहीच त्यात नाही. रोल्स-रॉइसमधील अ‍ॅलिस्टर मॅविन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली ‘इअर्स’ ही रिक्वायरमेंट लिहिण्याची पद्धत नेमकी इथे उपयोगी पडते, कारण ती आधी अट किंवा घटना, मग प्रणालीचे नाव आणि शेवटी अपेक्षित कृती असा वाक्याचा साचाच ठरवून देते: ‘लागोपाठ ५ वेळा चुकीचा पासवर्ड दिला गेला, तर लॉगिन प्रणालीने ते खाते ३० मिनिटांसाठी बंद करावे.’ आता चौथ्या प्रयत्नाला खाते चालू आणि पाचव्यानंतर बंद हवे, हे टेस्टरला कोणालाही न विचारता कळते.

छोट्या टप्प्यांत, ग्राहकाशी बोलत सॉफ्टवेअर घडवावे असे सांगणाऱ्या २००१ च्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्यानंतर जाडजूड दस्तऐवज मागे पडले आणि ८३० ची जागा २०११ मध्ये २९१४८ या मानकाने घेतली. आता हीच काटेकोर वाक्ये यूजर स्टोरीखालच्या (वापरकर्त्याच्या नजरेतून थोडक्यात लिहिलेल्या गरजेखालच्या) स्वीकृती निकषांत, म्हणजे काम पूर्ण झाले की नाही हे ठरवणाऱ्या अटींत लिहावी लागतात.