मार्च मॅडनेसची यादी ठरवणारं रँकिंग नेमकं मोजतं काय?

१७ मार्च २०२४ च्या रविवारी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी, म्हणजे मार्च मॅडनेससाठी, ६८ टीम्सची यादी जाहीर झाली आणि त्यात इंडियाना स्टेटचं नाव नव्हतं. २८ मॅच जिंकल्या, ६ हरल्या, ऑफिशियल रँकिंगमध्ये पहिल्या तिशीत, आणि तरी बाहेर. त्याच रँकिंगमध्ये पन्नाशीच्याही खाली असलेली व्हर्जिनिया मात्र आत आली आणि पहिल्याच मॅचला कोलोरॅडो स्टेटकडून ६७-४२ अशी हरली. आता एका मॅचवरून सिलेक्शन चूक ठरत नाही हे मान्य, पण मग रँकिंग काढायचं तरी कशाला हा प्रश्न लोकांना पडला, आणि तो जुना आहे, ५० वर्षांपूर्वीचा.

१९३९ ला ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा फक्त ८ टीम्स होत्या, आणि पुढे बरीच वर्षं नियम असा होता की एका कॉन्फरन्समधून (आपल्याकडच्या भाषेत एका गटातून म्हणा) एकच टीम जाणार, ती म्हणजे चॅम्पियन. १९७१ ला सदर्न कॅलिफोर्नियाची टीम अख्ख्या सीझनमध्ये दोनच मॅच हरली, दोन्ही यूसीएलएकडून, पण यूसीएलए त्यांच्याच कॉन्फरन्समधली, त्यामुळे हे घरी. खरा भडका उडाला तो १९७४ ला. ग्रीन्सबरोला एसीसी या कॉन्फरन्सची फायनल, नॉर्थ कॅरोलिना स्टेट विरुद्ध मेरीलँड, मॅच ओव्हरटाइमला गेली आणि १०३-१०० अशी संपली. जिंकलेली एनसी स्टेट पुढे जाऊन देशात चॅम्पियन झाली, आणि तिला तीन पॉइंटांपर्यंत झुंजवणारी मेरीलँड स्पर्धेत खेळलीच नाही. पुढच्याच वर्षी स्पर्धा ३२ टीम्सची केली आणि एका कॉन्फरन्समधून दुसऱ्या टीमलाही दार उघडलं.

दार उघडलं ते चांगलंच झालं, पण तिथूनच दुसरी भानगड सुरू झाली, कारण चॅम्पियन कोण हे मैदानावर ठरतं, पण "चॅम्पियन नसलेल्यांमध्ये चांगलं कोण" हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. शेकडो टीम्स, त्यातल्या बहुतेक एकमेकींशी कधी खेळतच नाहीत, मग तुलना करणार कशी? म्हणून १९८१ ला आरपीआय (रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स) हे रँकिंग आलं. गणित सोपं होतं: २५ टक्के तुमचा स्वतःचा विजयाचा रेट, ५० टक्के तुमच्या प्रतिस्पर्ध्यांचा आणि उरलेले २५ टक्के त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचा. नीट बघा, तीन चतुर्थांश मार्क तुम्ही कसे खेळलात याचे नाहीतच, तुम्ही कुणाशी खेळलात याचे आहेत! त्यामुळे व्हायचं असं की अगदी कमजोर टीमला ३० पॉइंटांनी हरवलं तरी तुमचं रँकिंग खाली यायचं. २००४-०५ पासून बाहेरगावच्या विजयाला १.४ आणि घरच्या विजयाला ०.६ असं वजन दिलं, ते योग्यच होतं, पण पाया तोच राहिला. आणि २००६ ला मिसुरी स्टेट आरपीआयमध्ये २१ वी असूनही बाहेर राहिली, म्हणजे ज्या आकड्याच्या मागे छोटी कॉलेजं वर्षभर धावायची तोच आकडा टीम्स निवडणाऱ्या कमिटीने ऐनवेळी बाजूला ठेवला.

मग २०१८ ला आरपीआयच्या जागी नेट नावाचं रँकिंग आलं. (आपल्या क्रिकेटच्या नेट रनरेटशी याचा काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं.) यात १०० पझेशनमागे (पझेशन म्हणजे बॉल एका टीमच्या ताब्यात असण्याची एक पाळी) किती पॉइंट केले आणि किती दिले, समोरची टीम कशी होती, मॅच कुठे झाली हे सगळं धरतात. सुरुवातीला पाच घटक होते, त्यात विजयाचं अंतर १० पॉइंटांपर्यंतच धरायचे, २०२० ला त्यातले तीन काढून दोनच ठेवले. पण एफिशियन्सीला, म्हणजे त्या १०० पझेशनमागच्या हिशोबाला, अशी मर्यादा नाही, त्यामुळे लिंबूटिंबू टीमला घरी बोलावून ४० पॉइंटांनी धुतलं की फायदा होतो, अशी तक्रार मोठ्या कॉन्फरन्सच्या टीम्सबद्दल लगेच सुरू झाली.

माझ्या मते मात्र खरी गोम फॉर्म्युल्यात नाहीये, ती वेळापत्रकात आहे. कमिटीपुढे प्रत्येक टीमची एक शीट असते, त्यावर मॅचेस किती अवघड त्यानुसार चार क्वाडमध्ये वाटलेल्या असतात, क्वाड वन सगळ्यात अवघड. ७० व्या नंबरच्या टीमला तिच्या घरी जाऊन हरवलं तर तो क्वाड वनचा विजय, त्याच टीमला आपल्या घरी हरवलं तर क्वाड टू. कॉन्फरन्सच मोठी असेल तर असे चान्स आपोआप दर आठवड्याला येतात, चार हरले तरी दोन जिंकून शीट भरते. छोट्या कॉलेजला ते चान्स मिळवावे लागतात, आणि मोठी टीम छोट्याच्या जिममध्ये यायला सहसा तयारच नसते, उलट पैसे देऊन छोट्यालाच आपल्याकडे बोलावते. इंडियाना स्टेट त्या सीझनला अलाबामा आणि मिशिगन स्टेटकडे खेळायला गेली, दोन्हीकडे त्यांच्याच कोर्टवर, दोन्ही हरली. पुढे आपल्या कॉन्फरन्सच्या फायनलला ड्रेककडून ८४-८० हरली आणि संपलं. चार पॉइंट! १९७९ ला, पुढे एनबीएत गाजलेल्या लॅरी बर्डची हीच इंडियाना स्टेट ३३-० रेकॉर्ड घेऊन याच राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला गेली होती, तिला २०२४ ला एक जागा मिळाली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

२०२४-२५ पासून शीटवर आणखी एक आकडा आलाय, विन्स अबव्ह बबल. तुमचंच वेळापत्रक एखाद्या काठावरच्या, म्हणजे यादीत जेमतेम बसेल अशा, टीमला दिलं तर ती किती मॅच जिंकेल, आणि तुम्ही त्यापेक्षा किती जास्त जिंकल्या, एवढंच ते विचारतं. २० अपेक्षित, तुम्ही २२ जिंकल्या, तर प्लस दोन. किती पॉइंटांनी धुतलं याला इथे किंमत नाही. हे मला आत्तापर्यंतचं सगळ्यात प्रामाणिक माप वाटतं, तरी छोट्यांचं दुखणं यातही आहेच, कारण कमजोर टीमला घरी हरवून जवळजवळ काहीच मिळत नाही आणि एक दिवस वाईट गेला तर जवळजवळ अख्खा एक विजय वजा होतो.

आणि या सगळ्यामागे पैसा आहे हे विसरून चालत नाही, कारण स्पर्धेत खेळलेल्या जवळपास प्रत्येक मॅचमागे कॉन्फरन्सला सहा वर्षं हिस्सा मिळत राहतो, म्हणजे बाहेर राहिलेल्या कॉलेजचं नुकसान एका संध्याकाळचं नसतं.

इंडियाना स्टेट मग एनआयटी या दुय्यम दर्जाच्या स्पर्धेत खेळली, फायनलपर्यंत गेली आणि सीटन हॉलकडून ७९-७७ अशी हरली. त्यानंतर त्यांचे कोच जॉश शर्ट्झ सेंट लुईसला गेले आणि चष्मा लावून खेळणारा त्यांचा लाडका सेंटर रॉबी अविलाही त्यांच्या मागोमाग तिकडेच गेला.