रापा नुईच्या मातीतून ‘टॉर’कडे: पेशीवाढीच्या नियंत्रणाची पार्श्वभूमी

पेशीवाढीच्या नियंत्रणावर लिहायला बसलेले बहुतेक जण पेशीविभाजनाची गोष्ट सांगून मोकळे होतात. विभाजनाच्या संशोधनाला २००१ साली नोबेल मिळाले आणि त्यातली प्रथिने पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. पण पेशींची संख्या वाढणे वेगळे आणि एकेका पेशीचे आकारमान वाढणे वेगळे. १९७०च्या दशकात यीस्टवर झालेल्या प्रयोगांत हे दिसले होते. विभाजन अडवले तरी पेशी मोठी होतच राहते. वाढ रोखली की मात्र विभाजनही थांबते. तरीही वाढीवर स्वतंत्र ताबा ठेवणारी यंत्रणा असेल, या शक्यतेकडे फारसे कुणी वळले नाही. अन्न मिळाले की पेशी आपोआप वाढणारच, असे गृहीत धरले गेले. ते मोडले एका औषधाने, आणि ते औषध जवळजवळ कचऱ्यात गेले होते.

डिसेंबर १९६४ मध्ये कॅनडाच्या नौदलाचे एक जहाज वैद्यकीय पथक घेऊन रापा नुई, म्हणजे ईस्टर आयलंडला पोचले. चिलीच्या किनाऱ्यापासून हे बेट सुमारे ३,५०० किलोमीटर दूर. तिथे विमानतळ होणार होता. त्याआधी, बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या या लोकांची तपासणी करून घ्यायची होती. सुमारे हजार रहिवासी. त्यांचे रक्त, लाळ, एक्स-रे असे सगळे घेण्यात आले. पथकातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला एक कोडे पडले. लोक अनवाणी फिरतात, घोडे जिकडे तिकडे आहेत, तरी धनुर्वात कसा दिसत नाही? धनुर्वाताचे जंतू मातीत राहतात, म्हणून बेटाचे ६७ भाग पाडून प्रत्येकातली माती बाटल्यांत भरली गेली.

ती माती पुढे मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीकडे गेली. १९७२ मध्ये तिच्यातल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून एक बुरशीनाशक वेगळे काढण्यात आले. रापा नुईवरून त्याचे नाव रॅपामायसिन पडले. कँडिडा या रोगकारक बुरशीवर ते चांगले चाले, पण शरीराची प्रतिकारशक्ती दाबायचे, त्यामुळे बुरशीनाशक म्हणून बाद झाले. अमेरिकेत ट्यूमरवर त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा आणखी वेगळे काही दिसले. इतर औषधांसारखे ते पेशी मारत सुटत नव्हते, त्यांची वाढ रोखत होते. आज मागे वळून पाहताना सर्वांत मोठा धागा हाच होता असे वाटते, पण तेव्हा तो कुणी ओढला नाही.

मग आला तो वादग्रस्त निर्णय. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, संशोधन न्यू जर्सीला हलवले आणि बाजारात चालण्याची आशा नसलेली संयुगे टाकून द्यायला सांगितले. कंपनीच्या बाजूनेही बोलता येते. रॅपामायसिन पाण्यात विरघळत नाही, त्याचे इंजेक्शन बनवणे अवघड. शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारे औषध विकायचे कुणाला, याचे उत्तर तेव्हा हाती नव्हते. पण या हिशेबात एक गोष्ट सुटली. संयुग पेशीत नेमके कशाला जाऊन चिकटते हे कुणी पाहिलेच नव्हते. कार्यपद्धती कळण्याआधीच ‘निरुपयोगी’ ठरवणे हा माझ्या मते खर्चकपातीतला भाग नव्हे, वैज्ञानिक चूक होती. ते संयुग शोधणाऱ्या, मूळच्या पंजाबातल्या शास्त्रज्ञाने आदेश मानला नाही. त्याने शेवटची मोठी बॅच तयार केली, बरण्या घरी नेल्या, ‘खाऊ नका’ असे लिहून फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि कुटुंबासह न्यू जर्सीला जाताना त्या कोरड्या बर्फात घालून सोबत नेल्या. नियमांच्या भाषेत हा कंपनीचा माल घरी नेणेच झाले. तरी त्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटते. कंपनीचे विलीनीकरण होऊन नवे व्यवस्थापन आल्यावर, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, काम पुन्हा सुरू झाले. १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून, ते ‘सिरोलिमस’ या नावाने वापरायला अमेरिकेत परवानगी मिळाली. पुढे ते हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटवरच्या लेपातही आले.

दरम्यान १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथे यीस्टवर रॅपामायसिन घालून पाहिले गेले. बहुतेक यीस्टची वाढ खुंटली. ज्या मोजक्या वसाहती वाढत राहिल्या, त्यांतले बिघडलेले जनुक शोधल्यावर ‘टॉर’ (टार्गेट ऑफ रॅपामायसिन, म्हणजे रॅपामायसिनचे लक्ष्य) हे प्रथिन हाती लागले. १९९४ मध्ये सस्तन प्राण्यांतही तेच प्रथिन सापडले. लवकरच कळले की पेशीत अमिनो आम्ले पुरेशी आहेत का, ऊर्जा आहे का, इन्सुलिनचा निरोप आला आहे का, हे सगळे टॉरपाशी येऊन जुळते. सगळे अनुकूल असेल तर ते प्रथिने आणि ती तयार करणारे रायबोसोम बनवण्याचे काम वाढवते, टंचाई असेल तर पेशी आपलेच जुने भाग मोडून वापरू लागते. १९९९ मध्ये टॉरच्या हाताखालचे एक प्रथिन नसलेल्या फळमाश्या तपासल्या गेल्या. माश्या लहान होत्या, पण त्यांच्या पेशी कमी नव्हत्या. एकेक पेशीच लहान होती. वाढ आणि विभाजन वेगळे आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. २००८ ते २०१० दरम्यान असेही दिसले की अमिनो आम्ले असली की टॉर लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या मोडतोडीच्या पिशवीच्या, पृष्ठभागावर जाऊन बसते, म्हणजे मोडतोडीतून सुटी झालेली अमिनो आम्ले जिथे मिळतात तिथेच.

२००९ पासून चर्चेचा ओघ दीर्घायुष्याकडे वळला. म्हातारपणाकडे झुकलेल्या, ६०० दिवसांच्या उंदरांना रॅपामायसिन दिल्यावर ते जास्त जगले. माणसाच्या वार्धक्यावर मात्र या औषधाला मान्यता नाही.

रापा नुईच्या रहिवाशांना या सगळ्यातून काय मिळाले? १९६५ मध्ये ते चिलीचे पूर्ण नागरिकही नव्हते. ते हक्क १९६६ मध्ये आले. जैवविविधतेच्या लाभात स्थानिकांचा वाटा असावा हे तत्त्व १९९२ च्या आंतरराष्ट्रीय कराराने मांडले, माती त्याच्या पाव शतकाहून अधिक आधी गेली होती. बेटावर या शोधाची आठवण म्हणून एक फलक आहे. तो ब्राझीलच्या संशोधकांनी लावला आणि त्यावरचा मजकूर पोर्तुगीजमध्ये आहे. मूळ पेटंटची मुदत आता संपली आहे, सिरोलिमस भारतातही बनते, त्यामुळे स्वामित्वशुल्कातून वाटा देण्याचा मार्गही बंद झाला आहे.