फॉर्म प्लगइन : नोंदींचा साठा आणि शोध

वर्डप्रेससारख्या प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळाला जोडायचा, अर्ज भरून घेणारा पूरक सॉफ्टवेअर-भाग म्हणजे फॉर्म प्लगइन. मराठवाड्यातील शेतकरी उत्पादक कंपनीची सोयाबीन खरेदीची पूर्वनोंदणी, वसतिगृहाचे प्रवेशअर्ज किंवा वाचनालयाची सभासदनोंद अशा कामांना तो पुरेसा पडतो.

अर्ज स्वीकारणे आणि तो साठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे प्लगइन आलेला अर्ज फक्त ईमेलने पाठवते. साठ्यासाठी फ्लेमिंगो हे दुसरे प्लगइन बसवावे लागते. डब्ल्यूपीफॉर्म्सच्या मोफत आवृत्तीत नोंदी संकेतस्थळावर पाहता येत नाहीत. निंजा फॉर्म्स, ग्रॅव्हिटी फॉर्म्स आणि फॉर्मिडेबल फॉर्म्स नोंदी डेटाबेसमध्ये ठेवतात. ईमेल सर्व्हरने अडवला तर साठा नसलेला अर्ज कायमचा जातो, म्हणून पहिली चाचणी ईमेलची नव्हे, साठ्याची घ्यावी.

ग्रॅव्हिटी फॉर्म्समध्ये प्रत्येक अर्जाची एक मुख्य ओळ आणि भरलेल्या प्रत्येक रकान्याची स्वतंत्र ओळ तयार होते. १५ रकान्यांचे ३,००० अर्ज म्हणजे सुमारे ४८,००० ओळी. स्वस्त होस्टिंगवर (संकेतस्थळासाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर) ‘मजकुरात कुठेही’ हा शोध मग रेंगाळतो. एकच रकाना निवडून शोधावे.

शोधाचे यश रकाने आखतानाच ठरते. जिल्हा आणि तालुका लिहून घेऊ नयेत, यादीतून निवडू द्यावेत. मराठवाड्यात ८ जिल्हे आणि ७६ तालुके आहेत, यादी एकदाच करावी लागते. मोकळ्या रकान्यात कोणी उस्मानाबाद लिहितो, कोणी धाराशिव. पिंपळगाव, वडगाव ही नावे तर तालुक्यागणिक सापडतात, त्यामुळे तालुक्याशिवाय गावाचा शोध निरुपयोगी. ‘शेतकऱ्याचे’ यातला अर्धा र दोन प्रकारच्या संकेतांनी टंकित होतो. दिसायला सारखाच, पण शोध फसू शकतो.

सर्वांत महागात पडणारी चूक क्षेत्राच्या रकान्यात होते. शेतकरी ‘२.२०’ लिहितो तेव्हा त्याला २ एकर २० गुंठे म्हणायचे असते. १ एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे हे क्षेत्र अडीच एकर. संगणक मात्र २.२ धरतो. सातबाऱ्यावर हेच क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एकर आणि गुंठे यांचे दोन रकाने ठेवावेत, गुंठ्यांवर ० ते ३९ अशी मर्यादा घालावी. आवक कट्ट्यांत न घेता क्विंटलमध्येच घ्यावी. अंक इंग्रजीच हवेत हे रकान्याखाली लिहावे, नाहीतर देवनागरी अंक नाकारले गेले की अर्जदार तिथेच अडकतो.

रेंज तुटली की माणूस ‘पाठवा’ पुन्हा दाबतो आणि नोंद दुहेरी होते. त्यावर मोबाइल क्रमांकाला ‘पुनरावृत्ती नको’ हा नियम लावणे धोक्याचे: एका फोनवरून घरातल्या तिघांचे अर्ज भरले जातात, दोघांचे परत फिरतील. गट क्रमांकही भावकीत सामाईक असतो. गाव आणि आठ-अचा (खातेदाराच्या जमिनीच्या उताऱ्याचा) खाते क्रमांक यांची जोडी त्यामानाने भरवशाची. नियम एकेका रकान्यालाच लागत असेल तर निर्यात केलेल्या फाइलमध्ये ही जोडी ताडून पाहावी.

निर्यात केलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास मराठी अक्षरांचा अनेकदा चुथडा होतो. फाइल बिघडलेली नसते. ‘डेटा’ विभागातून ती आयात करून यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत-पद्धत निवडावी.

पाहुण्यांसाठी शोधपान हवे असेल तर फॉर्मिडेबलच्या सशुल्क आवृत्तीतील व्ह्यूज किंवा ग्रॅव्हिटी फॉर्म्सवर चालणारे ग्रॅव्हिटीव्ह्यू वापरता येते. मोबाइल आणि खाते क्रमांक तेथून वगळावेत. दिसत नसलेला रकाना शोधाच्या चौकटीतून मात्र सापडतो का, हे लॉगिन न करता तपासावे. क्रमांक लपवूनही तो टाकताच माणसाची नोंद समोर येत असेल, तर तो रकाना शोधातूनही काढावा.