'नॉन-स्ट्रेस'मधला स्ट्रेस कोणाचा? पोटावरच्या आवाजाच्या चाचणीची पार्श्वभूमी

"तिला टेन्शन नाही, मग स्ट्रेस टेस्ट कशाला?" एनएसटीची (नॉन-स्ट्रेस टेस्टची, म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके तपासायची) चिठ्ठी हातात पडली की नाशिकमधल्या प्रसूतिगृहात नातेवाईक हमखास विचारतात. त्यांची चूक नाही, घोळ नावातच आहे. १९७०च्या दशकात आधी आली ती ऑक्सिटोसिन देऊन कळा आणायची चाचणी. कळेत वारेतून बाळाकडे जाणारा प्राणवायू कमी होतो. तो ताण बाळाला झेपतो का, हे त्यात बघायचे. कळा न आणता, बाळ हलले की ठोके चढतात का एवढेच बघायचे, ती 'नॉन-स्ट्रेस'. ताण कळेचा, आईच्या मनाचा नव्हे.

निकष ठरलेला आहे: ३२ आठवड्यांनंतर २० मिनिटांत दोनदा, ठोके मिनिटाला किमान १५ने वाढून १५ सेकंद टिकायला हवेत. अडचण झोपेची. निरोगी बाळही २० ते ४० मिनिटे निजते आणि ठोक्यांच्या आलेखाची पट्टी सपाट येते. दूरच्या पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बाईला तेवढे ताटकळत ठेवायचे, की बाळाला जागे करायचे?

मोटारीच्या भोंग्याला बाळ दचकते, हे १९२०च्या दशकातच टिपले गेले होते. १९८०च्या आसपास, स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांना बोलायला दिले जाणारे कंपनयंत्र बाळाच्या डोक्यापाशी पोटावर टेकवू लागले. एक-दोन सेकंद, प्रतिसाद नसेल तर पुन्हा, जास्तीत जास्त तीनदा, वेळ वाढवत तीन सेकंदांपर्यंत. जास्त वेळ दाबून धरले की ठोके बराच वेळ चढेच राहतात आणि मूळ गती कळेनाशी होते.

वाद इथेच पेटला. दचकवल्यावर ती 'नॉन-स्ट्रेस' कशी? आवाजाने चढलेले ठोके आपोआप चढलेल्यांइतकेच भरवशाचे मानले गेले आणि नाव तसेच राहिले. निदान पट्टीवर आवाज दिल्याची वेळ लिहायलाच हवी. ती नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला पट्टी वाचताच येत नाही.

गोड खाऊन या, पोट हलवा, हे उपाय अजून सांगितले जातात. पाहण्यांत दोन्हींचा फायदा दिसलेला नाही. नाशिक ढोलाचा जाड आवाज पोटातून आत पोचतो, उंच स्वराचा बराचसा अडतो. पण मिरवणुकीत बाळ हलले म्हणून चाचणी टळत नाही.

ठोके टिपणारा पट्टा पोटावर लावताना आईला कुशीवर किंवा अर्धवट बसवावे, सरळ उताणे नको. मनगटाची नाडी मोजून पट्टीशी ताडावी, कारण पट्ट्यातला डॉप्लर (ठोके टिपणारे यंत्र) कधी आईचेच ठोके पकडतो. आवाजानंतरही पट्टी सपाटच राहिली तर सोनोग्राफीने बाळाची हालचाल, श्वासाची हालचाल आणि गर्भजल पाहावे.