मूर्धन्य : डोक्यातले की तोंडातले?

'मूर्धन्य साहित्यिक' हा शब्दप्रयोग सत्कारसमारंभांत इतका सरावाचा झाला आहे की, हाच शब्द व्याकरणात ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ या वर्णांना लावतात, हे शाळा सुटल्यावर फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. मूर्धन् म्हणजे डोके. माथ्यावर शोभणारा तो मूर्धन्य. मात्र उच्चारशास्त्रातला मूर्धा हा तोंडाच्या आतला माथा, म्हणजे टाळूचा उंच भाग होय. टवर्ग उच्चारताना जिभेचे टोक मागे वळवून तेथे लावावे, असे तैत्तिरीय प्रातिशाख्य हा वेदांच्या उच्चाराचे नियम देणारा प्राचीन ग्रंथ सांगतो. युरोपीय अभ्यासकांनी मात्र मूर्धन् शब्दशः घेतला आणि या वर्णांना 'सेरेब्रल', म्हणजे चक्क मेंदूचे, असे नाव दिले! पुढे रूढ झालेल्या 'रेट्रोफ्लेक्स' या नावाचा अर्थ मागे वळलेला असा असून ते प्रातिशाख्याच्या वर्णनाशी नेमके जुळते.

'वेल' आणि 'वेळ' हे शब्द पाठोपाठ म्हणून पाहावेत. पहिल्या शब्दात जीभ दातांमागे टेकते, दुसऱ्यात ती मागे वळून पुढे झेपावते. हा भेद वाडवडिलार्जित आहे : प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांमधल्या एकट्या ल चा ळ झाला, जोड ल्ल चा मात्र ल उरला. म्हणून 'वेला'ची वेळ झाली आणि 'वल्ली'ची वेल.

संस्कृतात तरी हे वर्ण आले कुठून? तिच्या इराणी बहिणीत, म्हणजे पारशांचा धर्मग्रंथ असलेल्या अवेस्तेच्या भाषेत, टवर्ग नाही. द्राविडी भाषांच्या सहवासाचा परिणाम अनेक अभ्यासक मानतात. पण काही कारणे संस्कृतच्या घरातलीही आहेत. घरटे या अर्थाचा 'नीड' हा इंग्रजी 'नेस्ट'चा भाऊबंद असून त्याच्या मुळाशी 'नि' आणि 'सद्', म्हणजे खाली बसणे, हे घटक आहेत. इकारानंतरचा स मूर्धन्य झाला ('निषीदति'मध्ये तो ष म्हणून आजही दिसतो), त्याने शेजारच्या द चा ड केला आणि स्वतः लोप पावताना आधीची इ दीर्घ करून गेला.

इंग्रजी 'टी' उच्चारताना जीभ दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्याला लागते. तो आवाज धड त नाही, धड ट नाही. मराठी कानाने 'टेबल', 'डॉक्टर' असे म्हणत तो बहुतेकदा ट च्या खात्यात जमा केला. 'तिकीट' या शब्दात मात्र पहिला दातांकडे गेला आणि शेवटचा मूर्ध्याकडे.