पाव आट्याचा हिशेब

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकच्या नळ्या प्लास्टिकच्या असल्या, तरी विहिरीच्या तोंडाशी, फिल्टरजवळ आणि हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हखाली अजूनही बऱ्याच ठिकाणी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप दिसतो. ऐन मे महिन्यात तिथला एखादा निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा आखूड तुकडा, गंजून गेला, तर तालुक्याच्या गावी जाऊन येईपर्यंत विजेची पाळी निघून जाते, आणि म्हणूनच मी पाइपवर आटे (स्क्रूसारखे पेच) पाडणारा स्वस्तातला हाती डाय सेट घेतला. त्यावर पाडलेले पहिले आटे नखांनी ओरबाडल्यासारखे निघाले. दोष मी डायच्या किमतीला दिला, पण खरे कारण निराळेच होते.

डायच्या डोक्यात दातांचे चार तुकडे बसतात. प्रत्येकावर 1 ते 4 यांपैकी एक आकडा कोरलेला असतो आणि ज्या खाचेत तो बसवायचा, तिच्यावरही तोच आकडा असतो. एक इंची पाइपवर एका इंचात 11 आटे बसतात, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर सुमारे 2.3 मिलिमीटर. आटा हा पाइपभोवती गुंडाळलेला चढ असल्यामुळे पाव फेऱ्यात तो पाव अंतर, म्हणजे 0.58 मिलिमीटर, पुढे सरकतो. म्हणून प्रत्येक तुकड्याचे दात आधीच्या तुकड्यापेक्षा नेमके तेवढेच पुढे घासलेले असतात. धुऊन-पुसून परत बसवताना मी 2 आणि 3 यांची अदलाबदल केली होती. त्यामुळे एका तुकड्याने राखलेला उंचवटा दुसरा कापून नेत होता. तुकडे आपापल्या खाचेत जाताच त्याच डायने स्वच्छ आटे पाडले.

आपल्याकडच्या आट्याच्या दोन उतारांमधला कोन 55 अंशांचा असतो. हा कोन ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये सुचवला होता. स्वस्त संच घेताना हे आवर्जून पाहावे, कारण त्यांत अमेरिकी पद्धतीचेही येतात. त्यांचा कोन 60 अंशांचा असून एक इंची पाइपला इंचामागे साडेअकरा आटे असतात. असा आटा आपल्या सॉकेटमध्ये, म्हणजे पाइप जोडणाऱ्या आतून आटे असलेल्या नळकांड्यात, थोडा शिरतो आणि मग अडतो.

पाइपवरचा आटा निमुळता असतो, म्हणजे 16 मिलिमीटर लांबीत त्याचा व्यास 1 मिलिमीटरने बदलतो, आणि सॉकेटचा आटा बहुधा सरळ असतो. त्यामुळे सॉकेट आधी हाताने फिरते आणि पुढे पाचर ठोकल्यासारखे घट्ट होते. पाइपचे टोक डायच्या बाहेरच्या कडेशी सपाटीला आले की थांबावे. त्यापुढे रेटल्यास टोकाकडचा भाग सरळ कापला जातो आणि पाचरीचा जोर जातो. आट्याची खोली सुमारे दीड मिलिमीटर असते. एक इंची पाइपांत निळ्या पट्ट्याच्या मध्यम पाइपची जाडी 3.2 मिलिमीटर, तर पिवळ्या पट्ट्याच्या हलक्या पाइपची 2.6, म्हणजे हलक्या पाइपवर आट्याखाली जेमतेम 1.1 मिलिमीटर लोखंड उरते. पंपाच्या धक्क्याजवळ तो वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

स्वस्त डायचा खरा उणेपणा म्हणजे पाइपला सरळ धरणारी तिची कडी सैल असते. म्हणून पाइप काटकोनात कापून बाहेरची कड कानशीने किंचित उतरवावी, आतली खरखरीत कडही काढावी आणि पहिले दोन फेरे तळहाताने डाय दाबून, हळूहळू घ्यावेत. एकदा दात धरले की डाय स्वतःच स्वतःला पुढे ओढते. तेल सुरुवातीपासून सतत हवे. कोरड्या घर्षणाने दाताची धार तापते, पोलादाचे कण तिला चिकटतात आणि तेच कण पुढचा आटा फाडतात. कटिंग ऑइल नसले तर शेंगदाण्याचे गोडेतेलही चालते, कारण त्यातील मेदाम्ले धातूच्या पृष्ठभागाला धरून राहतात. कीस लांब, वळलेला निघत असेल तर धार चांगली आहे असे समजावे. तो भुकटीसारखा पडू लागला आणि दांड्याला जास्तीचा पाइप लावून जोर काढावा लागला, तर दात बोथट झाले आहेत.

आटे कितीही चांगले पडले, तरी त्यांच्या शिखरांपाशी वेटोळी फट राहते आणि दाबाखालचे पाणी तिच्यातूनच वाट काढते. तागाचे तंतू पाण्याने फुगून ती फट भरतात, टेफ्लॉन टेप दाबून भरते. पिण्याच्या पाण्याच्या जोडावर शिशाचा सफेदा मात्र लावू नये. डायने आट्यांवरचे जस्त खरवडले गेलेले असते, म्हणून जोड आवळल्यावर बाहेर उरलेले दोन-तीन आटे जस्तयुक्त रंगाने झाकावेत, कारण पुढचा गंज तिथूनच सुरू होतो.