कडक कायदा म्हंजे कायद्याचं राज्य नव्हे

कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोर ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आपल्याकडं चहाच्या गाड्यावर पण कोर्टाचाच विषय असतोय, आणि त्यात एक डायलॉग ठरलेला, "आपल्यात नुसत्या तारखा, चीनमध्ये बघ कायदा कसा कडक हाय." कडक आहेच की, फौजदारी खटल्यात तिथं ९९ टक्क्यांच्या वर आरोपी दोषी ठरतात. पण कायदा दाखवून राज्य करणं (सरकार कायदा वापरतं, पण स्वतः त्याच्या वर राहतं) आणि कायद्याचं राज्य असणं (सरकार पण कायद्याखाली येतं) ह्यात लोक लय गल्लत करतात.

होणारच म्हणा, संविधान, कोर्ट, वकील सगळं दोन्हीकडं सेम दिसतं. चीनच्या संविधानात कलम ३५ ला भाषणस्वातंत्र्य पण आहे, आणि १९९० पासून साधा माणूस सरकारी ऑफिसवर केस टाकू शकतो, कधीकधी जिंकतोही. फरक कळतो तो कायद्यालाच आव्हान दिलं की. आपल्याकडं संविधानाच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट अर्ज टाकून कायदाच घटनाबाह्य आहे म्हणता येतं, तिथल्या कोर्टाला तो अधिकारच नाही, वर कम्युनिस्ट पक्षाची समिती बसलेली असते ती वेगळीच.

सुन झिगांगची केस बघा. २००३, ग्वांगझू शहर, २७ वर्षांचा डिझायनर, जवळ तात्पुरत्या रहिवासाचा परवाना नव्हता म्हणून पोलिसांनी उचलला आणि तीन दिवसांत मारहाणीनं मेला. बाहेरून आलेल्यांना असं धरून गावाकडं पाठवायचा नियमच होता. शू झियोंग, तेंग बियाओ आणि यू जियांग ह्या तिघा कायदेतज्ज्ञांनी तिथल्या संसदेच्या स्थायी समितीला पत्र लिहिलं, की हा नियम संविधानात बसतो का तेवढं तपासा. जूनमध्ये सरकारनं नियम मागं घेतला, सगळीकडं जल्लोष. पण नियम संविधानाविरुद्ध होता असं समितीनं काय लिहून दिलं नाही, सरकारनं घातला होता आणि सरकारनंच काढला, म्हंजे उद्या दुसऱ्या नावानं परत आणायला मोकळे.

पुढं अशा केसेस घेणारे वकील वाढले, तर ९ जुलै २०१५ पासून ३०० हून जास्त वकील-कार्यकर्त्यांची धरपकड नाहीतर चौकशी झाली. शू झियोंगला २०१४ ला ४ वर्षं आणि २०२३ ला १४ वर्षं, तेही रीतसर, कलम लावून, कोर्टात उभं करून. २०१७ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या प्रमुखांनीच न्यायालयीन स्वातंत्र्य ही पाश्चात्त्यांची चुकीची कल्पना आहे म्हणून सांगितलं, विषय संपला.

आपणही लय कॉलर ताठ करायला नको. आणीबाणीत, १९७६ ला, आपल्या सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की अटक बेकायदा असली तरी दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. पण त्यांचा विरोध निकालातच छापलेला होता, वकील तो दाखवत राहिले, आणि २०१७ ला त्याच कोर्टानं १९७६ चा निकाल चुकीचा होता असं लिहून दिलं.